अर्थिंगच्या खड्ड्याने खाल्लेला पाइप

मे महिन्यात सोलापुरात अंगण ओले दिसले, तर एक तर कोणी सडा घातलेला असतो, नाही तर पाइप फुटलेला असतो. गेल्या मे महिन्यात जुळे सोलापूर येथील आमच्या घरामागे, बोअर आणि टाकी यांच्या मधल्या पट्ट्यात असाच ओलावा दिसू लागला, आणि सडा घालणारे घरात कोणी नव्हते. प्लंबरने पहारीने काळी माती फोडायला सुरुवात केली तेव्हा वरचा हातभर थर विटेसारखा कडक होता आणि त्याखाली एकदम चिखल लागला. त्या चिखलातून निघालेला एक इंची जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप आम्ही नळाखाली धरून धुतला. आतून क्षारांचा पांढरा थर बसलेला होता आणि त्या थराखालचे लोखंड जवळजवळ शाबूत होते. बाहेरून मात्र वीतभर लांबीत खड्डेच खड्डे पडलेले होते, आणि त्यांतले तीन आरपार गेले होते. "सर, ह्यो आतनं न्हाई, भायरनं खाल्लाय बघा," असे म्हणून प्लंबरने तो तुकडा माझ्या हातात दिला आणि तो चहाला निघून गेला.

मी तो तुकडा बराच वेळ फिरवून फिरवून पाहत राहिलो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल प्रोसेस युनिटच्या देखभाल विभागात २६ वर्षे काढल्यामुळे गंजलेले पाइप मला नवे नाहीत. पण या तुकड्यावरचे सगळे खड्डे एकाच अंगाला होते. पाइप जसा होता तसाच पुन्हा चरात ठेवून पाहिला, तेव्हा ते अंग नेमके अर्थिंगच्या खड्ड्याकडे निघाले. मधले अंतर जेमतेम दोन फूट. घर बांधताना त्या खड्ड्यात तांब्याची प्लेट पुरलेली होती, तिच्याभोवती कोळसा आणि मीठ यांचे थर दिलेले होते, आणि अर्थिंग कोरडे पडू देऊ नका या इलेक्ट्रिशियनच्या सूचनेप्रमाणे दर उन्हाळ्यात मी स्वतः त्यात बादलीभर पाणी ओतत आलो होतो. पाइप कोणी खाल्ला याचा शोध तेथेच संपला, आणि खाणाऱ्याला पाणी कोणी पाजले याचाही.

गंज म्हणजे लोखंडाला हवा आणि पाणी लागून होणारा बिघाड, ही आपली समजूत चुकीची नाही, पण तिच्यात मधला एक दुवा गाळलेला असतो, आणि तो दुवा विजेचा आहे. ओल्या मातीत लोखंडाचा अणू आपले दोन इलेक्ट्रॉन मागे ठेवून आयनाच्या रूपाने पाण्यात उतरतो. मागे राहिलेले इलेक्ट्रॉन धातूमधून वाहत दुसऱ्या एखाद्या जागी पोहोचतात आणि तेथे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन ते घेऊन टाकतो. जेथे अणू उतरतो तो ॲनोड आणि जेथे ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेतो तो कॅथोड. या दोन जागा एकाच पाइपावर बोटभर अंतरावर असू शकतात, किंवा एक पाइपावर आणि दुसरी तांब्याच्या प्लेटवर. धातूतून इलेक्ट्रॉनांची वाट आणि ओल्या मातीतून आयनांची वाट असा परिपथ पूर्ण झाला की एक छोटा सेल तयार होतो, आणि बॅटरीतले जस्त जसे संपत जाते तसे लोखंड संपत जाते. आपल्या पाठ्यपुस्तकांत ॲनोडला धनाग्र म्हणतात, पण गंजणाऱ्या सेलमध्ये हाच ॲनोड ऋण टोक असतो. या एका शब्दाने शाळेत माझा जेवढा गोंधळ उडवला तेवढा दुसऱ्या कशानेही उडवला नाही, म्हणून पुढे मी ॲनोड आणि कॅथोड हेच शब्द वापरणार आहे.

कारखान्यात आम्ही एवढेच लक्षात ठेवत असू की जेथे प्रवाह धातूतून मातीत किंवा पाण्यात उतरतो तेथे धातू खाल्ला जातो, आणि जेथे तो मातीतून धातूत शिरतो तेथे धातू वाचतो. माझ्या पाइपातून प्रवाह मातीत उतरत होता, दोन फुटांवरच्या तांब्यात आणि कोळशात शिरत होता, आणि बोअरच्या मोटारीला लावलेल्या अर्थिंगच्या तारेतून पुन्हा पाइपाकडे परतत होता. मातीतला सर्वांत जवळचा रस्ता खड्ड्याकडच्या अंगातून जात होता, म्हणून खड्डे त्याच अंगाला पडले.

जमिनीत पुरलेला धातू किती व्होल्टवर बसला आहे हे मोजायला तांबे आणि मोरचूद (कॉपर सल्फेट) यांचा अर्धसेल, म्हणजे तुलनेसाठी धरलेले एक स्थिर टोक, वापरतात. या मापाने तांबे साधारण उणे ०.२ व्होल्टच्या आसपास असते, जुने गंजलेले लोखंड उणे ०.५ च्या आसपास, जस्त उणे १.१ आणि मॅग्नेशियम उणे १.५ किंवा त्याहूनही खाली. जो अधिक ऋण तो देणारा, जो कमी ऋण तो घेणारा. कोळसा म्हणजे कार्बन तर तांब्याहूनही घेणारा असतो, ही गोष्ट अर्थिंग करणाऱ्या कोणीही मला कधी सांगितली नव्हती. मिठाने मातीतून प्रवाहाची वाट सोपी केली. सोलापूरची काळी माती मुळातच ओल आणि क्षार धरून ठेवते, त्यामुळे तिच्यातून वीज सहज जाते; शिवाय उन्हाळ्यात तिला भेगा पडून पाइपाच्या वरच्या अंगाला हवा मिळते आणि खालचे अंग मात्र दमट, घट्ट चिकणमातीत रुतून राहते. जेथे हवा कमी पोहोचते ते अंग ॲनोड होते. म्हणून काळ्या मातीतला पाइप अर्थिंग जवळ नसतानाही बहुधा तळाकडून सडतो आणि वरून पाहणाऱ्याला तो बरा वाटत राहतो.

यात प्रवाह किती लहान असतो हे पाहिले की नवल वाटते. फॅरेडेच्या नियमाने हिशोब केला तर एक अँपिअरचा प्रवाह वर्षभर लोखंडातून मातीत उतरत राहिल्यास सुमारे ९ किलो लोखंड विरघळते. म्हणजे एक मिलिअँपिअरने वर्षाला ९ ग्रॅम. एक इंची मध्यम प्रतीच्या, निळ्या पट्टीच्या जीआय पाइपाची जाडी ३.२ मिलिमीटरच्या आसपास असते, आणि तिच्यात एक सेंटिमीटर व्यासाचे आरपार भोक पाडायला दोन ग्रॅम लोखंड गेले तरी पुरते. एक मिलिअँपिअरचा प्रवाह पाच वर्षे वीतभर जागेतूनच उतरत राहिला तर वीसहून अधिक भोकांचे लोखंड निघून जाईल. पाइपभर समान झीज झाली असती तर मला तिची चाहूलही लागली नसती. लहान ॲनोड आणि मोठा कॅथोड ही जोडी वाईट म्हणतात ती याचमुळे.

त्या आठवड्यात मी अर्धसेल घरीच केला, आणि तो करण्यात मला जितकी मजा आली तितकी निवृत्तीनंतर क्वचितच आली असेल. आपल्या जिल्ह्यात डाळिंब आणि द्राक्षे असल्यामुळे मोरचूद कोणत्याही कृषी सेवा केंद्रात मिळते. बोर्डो मिश्रणासाठी शेतकरी तेच नेतात. पाव किलो मोरचूद आणले, त्यातले चार चमचे बाटलीबंद शुद्ध पाण्यात टाकून तळाशी खडे उरतील इतके दाट द्रावण केले. पीव्हीसी पाइपाच्या वीतभर तुकड्याच्या तोंडाला न रंगवलेली मातीची पणती उलटी करून एपॉक्सीने चिकटवली, वरून पॉलिश पेपरने चकचकीत घासलेली तांब्याची जाड तार सोडली आणि आत निळेशार द्रावण भरले. पणती एका रात्रीत भिजून बाहेरून किंचित निळसर दिसू लागली, तेव्हा सेल तयार झाला. मल्टिमीटरची काळी पिन या तांब्याला, लाल पिन पाइपाला, आणि पणती पाइपाच्या वरच्या ओल्या मातीवर टेकवलेली. एवढ्यावर पाइपाचा व्होल्ट दिसतो.

मुख्य स्विच बंद करून, मोटारीचा पुरवठा पूर्ण तोडल्यावर मी पहिले माप घेतले. अर्थिंगची तार जोडलेली असताना पाइप उणे ०.३८ व्होल्टवर होता. तार सोडवल्यावर आकडा हळूहळू खाली सरकू लागला आणि पंधरा-वीस मिनिटांत उणे ०.५५ वर येऊन थबकला. तांबे पाइपाला वर ओढत होते, म्हणजेच त्याला देणारा बनवत होते. शेजारच्या घरी नुकताच टाकलेला नवा जीआय पाइप मोजला तर उणे १.०४ आला, कारण त्याच्यावरचे जस्त अजून पुरते शिल्लक होते. जस्ताच्या थराचे खरे काम या आकड्यात दिसते. जस्त हे लोखंडावर चढवलेले नुसते पांघरूण नव्हे. ओरखडा पडून लोखंड उघडे पडले तरी आजूबाजूचे जस्त स्वतः विरघळून त्या जागेला प्रवाह पुरवते. तेलाच्या डब्यावर असलेल्या कथिलाचे नेमके उलटे असते. कथिल लोखंडापेक्षा कमी ऋण असल्यामुळे ओरखड्यातले लोखंड अधिकच वेगाने खाल्ले जाते, आणि म्हणून ओल्या जागी ठेवलेला, कोपरा ठेचलेला डबा त्या कोपऱ्यातूनच गळू लागतो. तांब्यापितळेच्या भांड्याला कल्हई लावतो ती आंबट पदार्थ तांब्यापासून दूर ठेवण्यासाठी. तिला या हिशोबात ओढू नये.

लोखंडावर वितळलेल्या जस्ताचा मुलामा देण्याचे पेटंट फ्रान्समध्ये स्तानिस्लास सोरेल यांनी १८३७ मध्ये घेतले. पण एक धातू मुद्दाम बळी देऊन दुसरा वाचवण्याचा विचार त्याच्या आधीचा आहे, आणि त्याची गोष्ट मला फार आवडते, कारण तिच्यात शास्त्र बरोबर ठरले आणि उपाय फसला. ब्रिटिश नौदलाच्या लाकडी जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे मारलेले असत आणि खाऱ्या पाण्यात ते झिजत. हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये रॉयल सोसायटीपुढे दाखवून दिले की तांब्याला लोखंडाचे किंवा जस्ताचे लहान तुकडे जोडले तर तांब्याची झीज थांबते. समारंग नावाच्या जहाजावर ओतीव लोखंडाचे असे तुकडे बसवण्यात आले. तांबे खरोखरच वाचले. पण झिजणाऱ्या तांब्यातून पाण्यात उतरणारे आयन समुद्री जीवांना विषारी असत आणि त्यांच्यामुळेच आजवर तळ स्वच्छ राहत आला होता. झीज थांबली तसा तळावर शंखशिंपल्यांचा आणि शेवाळाचा थर बसू लागला, जहाजांचा वेग घटला आणि काही वर्षांत नौदलाने हा उपाय सोडून दिला. डेव्हींची कल्पना पुढे लोखंडी जहाजांना आणि जमिनीखालच्या पाइपांना लागू पडली, जेथे ती आजही दररोज राबते.

बळी देण्याच्या पद्धतीला बाहेरून वीज लागत नाही, हा तिचा मोठा गुण आहे. पाइपाजवळ मॅग्नेशियमचा किंवा जस्ताचा ठोकळा पुरायचा आणि तारेने पाइपाला जोडायचा; मग सगळा पाइपच कॅथोड होतो आणि मातीत उतरायचे काम ठोकळा करतो. ठोकळा कोरड्या मातीत नुसता पुरून भागत नाही. त्याच्याभोवती ७५ टक्के जिप्सम, २० टक्के बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी चिकणमाती) आणि ५ टक्के सोडियम सल्फेट असे मिश्रण कापडी पिशवीत भरतात, म्हणजे ओल टिकते आणि ठोकळा सगळीकडून सारखा झिजतो. मॅग्नेशियमचा निम्मा भाग हायड्रोजन सोडण्यात स्वतःहूनच वाया जातो, म्हणून एक अँपिअर वर्षभर मिळवायला सुमारे ८ किलो मॅग्नेशियम लागते. गणिताप्रमाणे ४ किलोच पुरायला हवे होते. जस्ताची कार्यक्षमता याहून बरीच चांगली, पण त्याचा विद्युतदाब कमी, त्यामुळे मातीचा रोध वाढला की त्याचा प्रवाह आटतो. पावसाळ्यात आमच्या मातीला जस्त पुरेल, एप्रिल-मे महिन्यांत मॅग्नेशियम हवे, असे माझे मत आहे.

लांबच लांब पाइपलाइनला मात्र ठोकळे पुरत बसणे परवडत नाही. तेथे रेक्टिफायरने, म्हणजे एसीचा डीसी करणाऱ्या यंत्राने, बाहेरून डीसी प्रवाह देतात. धन टोक सिलिकॉनयुक्त ओतीव लोखंडाच्या किंवा धातूंच्या ऑक्साइडचा लेप दिलेल्या टायटॅनियमच्या ॲनोडांना जोडतात, ऋण टोक पाइपाला, आणि ॲनोडांभोवती कोकची भुकटी भरतात. कोक येथे जाणूनबुजून घातलेला असतो, कारण तो स्वतः प्रवाह वाहून ॲनोडचे आयुष्य वाढवतो. माझ्या अंगणातल्या कोळशाने हेच काम उलट्या दिशेने केले होते. मुंबई आणि पुण्याकडून येणारी पेट्रोलियमची पाइपलाइन सोलापूरजवळ पाकणी येथील डेपोपर्यंत येते. अशा लाइनच्या मार्गावर शेताच्या बांधांवर आणि रस्त्याच्या कडेला ठरावीक अंतराने जे छोटे खांब दिसतात, त्यांतले अनेक खांब पाइपाचा व्होल्ट मोजण्यासाठी असतात. त्यांच्या पेटीत पाइपापर्यंत गेलेली तार असते, आणि मोजणारा माणूस माझ्या पणतीसारखाच पण नीट बनवलेला अर्धसेल मातीवर टेकवून आकडा टिपून घेतो.

तो आकडा उणे ०.८५ व्होल्ट किंवा त्याहून खाली हवा, हा नियम जगभर चालतो. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथे रॉबर्ट कून यांनी १९२८ मध्ये गॅसच्या लांब पाइपलाइनवर रेक्टिफायर बसवला आणि आपल्या अनुभवावरून हा आकडा सुचवला. या आकड्याशी एक मोठी फसगत जोडलेली आहे आणि तिच्यात चांगले चांगले सापडतात. प्रवाह चालू असताना मातीतही व्होल्टचा काही भाग खर्च होतो, आणि मीटर तोही पाइपाच्याच नावावर दाखवतो. वरवर उणे १.१ दिसणारा पाइप प्रत्यक्षात उणे ०.७ वरच असू शकतो. म्हणून सगळे रेक्टिफायर एकाच वेळी क्षणभर बंद करून, बंद झाल्याबरोबर लगेच जो आकडा दिसतो तो खरा मानतात. काही सेकंद उशीर केला तर पाइप आपल्या मूळ स्थितीकडे घसरू लागतो आणि आकडा पुन्हा खोटा ठरतो. कारखान्यात डाईंगच्या खाऱ्या सांडपाण्याची एक लोखंडी लाइन आम्ही असे ठोकळे जोडून चार वर्षे सांभाळली, आणि त्यातली पहिली दोन वर्षे मी चालू स्थितीतला आकडा वहीत लिहून निर्धास्त झोपत होतो. तिसऱ्या वर्षी एक सांधा गळाला तेव्हा मी बंद करून मोजायला शिकलो.

जास्त प्रवाह दिला म्हणजे जास्त संरक्षण मिळते, असेही नाही. पाइप फार ऋण केला की त्याच्यावर हायड्रोजन निघू लागतो, त्याच्या बुडबुड्यांनी वरचा लेप सुटतो, आणि उच्च ताकदीच्या पोलादात तो हायड्रोजन शिरला तर पोलाद ठिसूळ होते. लेप आणि प्रवाह ही दोन्ही एकमेकांच्या आधाराने काम करतात. उघड्या पाइपाला दर चौरस मीटरला कितीतरी मिलिअँपिअर लागतात. चांगला लेप असलेल्या पाइपाला त्याचा अगदी लहान अंश पुरतो, कारण प्रवाहाला फक्त लेपातल्या भोकांपुरतेच धावायचे असते. केवळ रंग लावून राहिलेल्या पाइपाला मात्र भोक पडले की सगळी झीज त्या एकाच भोकातून होते. आपल्याकडे गंज दिसला की ब्रश मारून त्यावर रंग देतात आणि दोन पावसाळ्यांनी पुन्हा तेच करतात. जमिनीखाली या पद्धतीला काही अर्थ नाही.

जमिनीवरच्या लोखंडाची गोष्ट वेगळी आहे, आणि येथे एक इशारा देणे मला भाग आहे. गाडीला बसवले की गंज थांबतो असे सांगून विकली जाणारी छोटी इलेक्ट्रॉनिक यंत्रे अधूनमधून बाजारात येतात. गाडी हवेत उभी असते. तिच्या पत्र्याला सलग ओल किंवा माती लागलेली नसते, म्हणून बाहेरच्या ॲनोडपासून पत्र्याच्या प्रत्येक कोपऱ्यापर्यंत आयनांना जायला वाटच नसते, आणि वाट नसेल तर संरक्षणाचा प्रवाह वाहणार कोठून? गेट, ग्रील आणि छपराचा पत्रा यांना जस्ताचा मुलामा आणि चांगला रंग हाच उपाय. पाण्याने भरलेली टाकी, पुरलेला पाइप, काँक्रीटमधली सळई या जागी मात्र विद्युतरासायनिक संरक्षण खरेच चालते.

काँक्रीटमधील सळईबाबत एक गोष्ट आपल्या शहरात सर्रास दिसते. गॅलरीच्या खालचा स्लॅब फुगतो, मिस्त्री फुगलेला भाग फोडून सळई घासतो आणि नवे सिमेंट भरतो. दोन-तीन वर्षांत बरोबर त्या ठिगळाच्या कडेने पुन्हा पापुद्रे सुटतात. दोष बहुधा मिस्त्रीच्या सिमेंटवर जातो. खरे कारण असे की नव्या सिमेंटमधला सामू १२.५ ते १३ इतका असल्यामुळे तेथली सळई गंजायची थांबते आणि कॅथोड बनते, तर शेजारच्या जुन्या, क्षार शिरलेल्या काँक्रीटमधला सळईचा भाग आता ॲनोड होतो. ठिगळ भरण्यापूर्वी कडेच्या सळईला जस्ताचा छोटा ठोकळा तारेने बांधून काँक्रीटमध्येच ठेवता येतो. असे ठोकळे बाजारात तयार मिळतात, आणि मोठ्या पुलांवर तर १९७३ पासून, म्हणजे कॅलिफोर्नियातील रिचर्ड स्ट्रॅटफुल यांच्या प्रयोगापासून, सगळ्या सळयांना बाहेरून प्रवाह देण्याचे काम चालत आले आहे.

घरातला सर्वांत दुर्लक्षित ॲनोड गिझरमध्ये असतो. साठवणुकीच्या गिझरच्या टाकीत आतून काचेसारखा लेप असतो, आणि त्या लेपात राहिलेल्या भोकांसाठी मॅग्नेशियमची एक कांडी बसवलेली असते. आमची कांडी मी सहा वर्षांनी उघडली तेव्हा कणीस खाऊन नुसता बुरकुंडा उरावा तशी मधली तार आणि तिला चिकटलेले दोन-चार राखाडी तुकडे एवढेच हाती आले. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार जास्त, त्यामुळे पाणी प्रवाहाला अनुकूल आणि कांडीचे आयुष्य कमी. आता मी दर दोन वर्षांनी ती उघडून पाहतो. गिझरला जीआय पाइप जोडणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: काही पाण्यांत सुमारे ६० अंशांच्या वर जस्त आणि लोखंड यांचे नाते उलटते, जस्तावर असा थर बसतो की तेच लोखंडाचे कॅथोड होते, आणि मुलाम्यातल्या ओरखड्यात लोखंड अधिकच खड्डेदार होते. गरम पाण्याच्या लाइनला जीआय वापरू नये असे जुने प्लंबर म्हणतात ते त्यामुळे बरोबर ठरते.

एक उलटी पद्धतही आहे, जिच्यात धातूला धन बाजूकडे ढकलून वाचवतात. ज्या धातूवर स्वतःच एक पातळ, घट्ट संरक्षक थर तयार होतो, त्याला व्होल्टच्या योग्य पट्ट्यात धरून ठेवले तर तो थर टिकतो. सी. एडेलेअनू यांनी १९५४ मध्ये ही कल्पना मांडली आणि सल्फ्युरिक ॲसिडच्या टाक्यांना ती चांगली लागू पडली. पट्टा चुकला तर मात्र धातू वाचण्याऐवजी झपाट्याने खाल्ला जातो, आणि क्लोराइड असेल तर थराला भोके पडतात. आमच्या डाईंगच्या स्टेनलेस भांड्यांना साध्या मिठाऐवजी ग्लॉबर सॉल्ट (सोडियम सल्फेट) वापरण्यामागचे एक कारण हेच होते. रंग दोन्हींनी बसतो, भांडे मात्र क्लोराइडनेच खड्डे पाडून घेते.

अंगणातल्या कामाचे काय झाले ते सांगतो. टाकीकडे जाणारा पुरलेला पाइप आता एचडीपीईचा आहे. प्लॅस्टिक चालत असेल तेथे लोखंड पुरून मग त्याचे रक्षण करत बसणे शहाणपणाचे नाही, हे मी एवढे लिहूनही मान्य करतो. अर्थिंग तोडून टाकणे हा तर पर्यायच नव्हता, कारण मोटारीचा शॉक पाइपाच्या भोकापेक्षा केव्हाही महाग पडतो. म्हणून तांब्याच्या प्लेटच्या जागी दोन फूट चौरस, ६.३ मिलिमीटर जाडीची जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी प्लेट घेतली, जी भारतीय मानकाला चालते. ती बोअरपासून लांब, कुंपणाजवळ नेली, आणि कोळसा-मिठाऐवजी बेंटोनाइट भरले. इलेक्ट्रिशियनने अर्थिंगचा रोध मोजून दिला तेव्हाच मोटार चालू केली. बोअरचे लोखंडी केसिंग अजून काळ्या मातीतच उभे आहे, आणि ते बदलता येत नाही. त्याला चार किलोचा एक मॅग्नेशियमचा ठोकळा जोडला आहे. प्रवाह ५० मिलिअँपिअरच्या आत राहिला तर हिशोबाने तो आठ-नऊ वर्षे पुरावा.

जोडल्याच्या दुसऱ्या दिवशी तार क्षणभर सोडवून माप घेतले ते उणे ०.७९ आले. महिन्याने उणे ०.८८. जूनच्या पहिल्या पावसानंतर उणे ०.९३ झाले, आणि पणती मातीवर टेकवायला त्या दिवशी पहिल्यांदाच पाणी ओतावे लागले नाही.